शाळेतली हौजी

फाल्गुन उतरणीला लागला की पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीमागचा कडुलिंब मोहरतो. सकाळी गॅलरीचं दार उघडलं की तो बारीक, गोडसर आणि तळाशी कडू असा वास आत येतो, आणि मी दार लावून घेते. सून पूर्वी म्हणायची, "आई, हवा येऊ द्या की थोडी." आता म्हणत नाही. म्हातारपणाचे काही हट्ट घरातले लोक निमूट मान्य करतात, त्यातलाच हा एक असं तिला वाटत असावं.

परवा सोसायटीतल्या दोघी जणी आल्या. पाडव्याला खाली मांडव घालून तंबोला खेळायचा म्हणाल्या. तुम्ही शिक्षिका होतात, आवाज अजून खणखणीत आहे, तर आकडे तुम्हीच पुकारा. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मी संकोच करते आहे. "सोपं असतं आजी, आम्ही शिकवू तुम्हाला," त्यातली एक म्हणाली. मी हसले आणि त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर कितीतरी वेळ कपबशा तशाच टेबलावर होत्या.

मला तो खेळ येतो. आम्ही त्याला हौजी म्हणायचो. अशाच एका फाल्गुनात मी तो शाळेत भरवला होता.

स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. मी तेवीस वर्षांची होते आणि कासारवाडीच्या शाळेत ती माझी पहिलीच नोकरी. शाळा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लांब ओटा आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कुंपणापलीकडं ज्वारीची रानं, त्यापलीकडं रेल्वेचे रूळ. पिंपरीकडं कारखाने उभे राहू लागले होते. साताऱ्याकडची, मराठवाड्यातली माणसं बायकापोरं घेऊन येत होती आणि दर महिन्याला माझ्या वर्गात दोन-चार नवी पोरं भिंतीला टेकून उभी असायची. जागा नव्हती. आणि पाणी नव्हतं. आवारातली विहीर माघातच तळ दाखवायची. मग शेवंता रूळ ओलांडून पलीकडच्या मळ्यातून पाणी आणायची, डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी.

शेवंता शाळेत झाडलोट करायची आणि पाणी भरायची. गावातलीच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नवरा मागंच वारला होता. मुलगी काशी दुसरीत, माझ्याच वर्गात होती. शेवंता बोलायची कमी. पण गाडीची शिट्टी झाली की मी वर्गातून हमखास खिडकीशी जायची, आणि ती हंड्यांसकट अलीकडं आलेली दिसली की परत फळ्याकडं वळायची. एकदा हे तिच्या लक्षात आलं. "बाई, गाडी मला ओळखती. ती थांबती माज्यासाठी," ती म्हणाली. ती थट्टा करते आहे हे कळायला मला वेळ लागला.

विहीर खोल करायची तर गावानंच काहीतरी करायला हवं होतं. हौजीची कल्पना इस्माईलभाईंची. स्टेशनच्या वाटेवर त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी ते देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते आणि तिथं साहेबलोक शनिवारी हौजी खेळायचे ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांची मुलगी झुबेदा चौथीत होती. शाळेची सगळ्यांत हुशार मुलगी. कविता म्हणताना डोळे मिटायची आणि गणित करताना ओठ मुडपायची.

"बाई, तिकीट घ्यायचं, त्यावर आकडे. एकजण पिशवीतून आकडा काढतो, एकजण ओरडतो. ज्याचे सगळे भरले तो जिंकला," इस्माईलभाईंनी मला समजावलं. "गाणंबजावणं नको, नाटक नको. म्हातारी माणसंपण खेळतील."

हेडमास्तरांना आधी तो जुगार वाटला. मी त्यांच्यामागं लागले. मला तेव्हा लोकांच्या मागं लागायला फार आवडायचं. एखादी गोष्ट चांगल्यासाठी आहे असं एकदा वाटलं की समोरच्याचं नाही मला ऐकूच यायचं नाही. हे मी आज इतक्या सरळ लिहिते आहे, पण तेव्हा ह्यालाच सगळे माझा गुण म्हणत.

पंधरा दिवस शाळेला दुसरं काही सुचलं नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून, त्यांवर पट्टीनं रेघा मारून आम्ही तिकिटं केली. इस्माईलभाईंनी फुटक्या ट्यूबचे रबराचे गोल कापून त्यांवर पांढऱ्या रंगानं नव्वद आकडे घातले. आकडे झाकायला चिंचोके हवे होते, ते पोरांनी ओच्यातून आणले, काही तर भाजलेले निघाले. बक्षिसांना कुणी पितळी घागर दिली, कुणी घोंगडी, कुणी कंदील. रानात ज्वारीची खळी लागली होती. दुपारभर भुसा उडून यायचा आणि शाईच्या दौतींत पडायचा. कडुलिंब नुकता मोहरत होता. त्या पंधरा दिवसांत मी किती सुखात होते ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

शनिवार उजाडला. दुपारी शेवंता माझ्या खोलीवर आली. उन्हातून चालत आली होती, पण आत आली नाही.

"बाई, आज मला यायला जमायचं न्हाई. पोरगी तापलीया. दोन दिस झालं."

"औषध दिलंस?"

"काढा दिलाय. पाठ दुकती म्हंती. डोळं उघडत न्हाई."

तिनं हे सांगितलं, मी ते ऐकलं. आणि माझ्या मनात आलं ते एवढंच की शंभर माणसांचा चहा कोण करणार, पाणी कोण देणार.

"शेवंता, तीन तासांचं तर काम आहे. हे सगळं तुझ्याच डोक्यावरचे हंडे उतरावेत म्हणून चाललंय ना? काशीला घेऊन ये. माझ्या वर्गात चटई टाकून निजव. मी लक्ष ठेवीन."

तिनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. "तुमी म्हंताय तर आणते," म्हणाली आणि गेली.

पाच वाजता माणसं येऊ लागली. अंगणात सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. कारखान्यातून सुटलेले लोक तसेच आले होते, कपड्यांना तेलाचे डाग. ओट्यावर इस्माईलभाई इस्त्रीचा सदरा घालून उभे आणि शेजारी झुबेदा पिशवी धरून. तिनं हिरवी ओढणी घेतली होती. ती आकडा काढायची, बापाच्या हातात द्यायची, आणि तो पुकारायचा, "रेल्वेचे रूळ, अकरा!" "पिकलं पान, नव्वद!" लोक हसायचे आणि घाईनं चिंचोके ठेवायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याशेजारी त्यांचीच पोरं बसून आकडे दाखवत होती. गावातली माणसं आणि बाहेरून आलेली माणसं एका सतरंजीवर मी पहिल्यांदाच बघत होते.

खेळ रंगात आला असताना वर्गातून काशीचं रडणं ऐकू आलं. पाणी मागत होती. शेवंता मागं चुलीपाशी होती. मी हिशेबाच्या टेबलावर, जागची हलू शकत नव्हते. तेवढ्यात एक डाव संपला होता. मी झुबेदाला खूण केली. "जा ग, काशीला पाणी पाज."

ती पळत गेली. बराच वेळ आली नाही. पुढचा डाव थांबला तेव्हा तिचे वडील हसत म्हणाले, "कुठं गेली आमची लॉटरी?" ती आली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, तिचं डोकं दुखतंय. मी मांडीवर घेतलं होतं. तिच्या तोंडात बारीक पुरळ आलंय."

"उष्णतेचं असेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीच्या कपाळावर आणि हातांवर देवी उठल्या.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दारांना लावलेले कडुलिंबाचे डहाळे आठवतात. देवी असताना फोडणी द्यायची नाही म्हणून घरांघरांतून फोडणीचा वास बंद झाला ते आठवतं. रस्त्यानं भेटलेली माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडं निरखून बघायची. शाळा बंद केली. देवी टोचणारे सरकारी लोक आले, घरोघर हिंडले. कुणी हात पुढं केला, कुणी दार लावून घेतलं, कुणी म्हणालं आईचा कोप आहे, सुईनं काय व्हायचंय. मीही टोचून घेतलं. त्याचा वण अजून दंडावर आहे.

बारा दिवसांनी झुबेदाला ताप आला. मी तिला बघायला गेले तेव्हा तिच्या आईनं मला दारातच थांबवलं, वाईट बोलून नव्हे, माझ्या काळजीनं. "आत येऊ नका बाई, तुम्ही लहान आहात अजून." आतून झुबेदाचा आवाज येत होता. आजारात ती पाढे म्हणत होती. सतरापर्यंत आली की अडखळायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. चार दिवसांनी तो आवाज थांबला.

आमच्या शाळेतली तीन मुलं गेली त्या हंगामात. काशी वाचली. तिचा एक डोळा गेला.

गावाला कारण हवं होतं. ते शोधायला लांब जावं लागलं नाही. शाळा उघडायच्या आधी ओट्यावर बैठक झाली. हेडमास्तर, गावचे पंच, मुलांचे आईबाप. इस्माईलभाई खांबाला टेकून बसले होते, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. शेवंता पायऱ्यांच्या खाली उभी होती. तिला वर ये असं कुणी म्हटलं नाही.

"तापलेली पोर शाळंत आणलीस कशाला?" पंचांपैकी एकानं विचारलं.

शेवंतानं माझ्याकडं पाहिलं. फार तर एक क्षण. मग खाली बघून म्हणाली, "चुकलं माजं."

"तुला एवढी अक्कल न्हाई? सगळ्या गावाची पोरं होती तिथं."

 मग हेडमास्तर माझ्याकडं वळले. त्यांचा आवाज मऊ होता. मला ह्यातून मोकळं करायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. "बाई, त्या मुलीला ताप आहे ह्याची तुम्हाला काही कल्पना होती का?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच. त्या एका शब्दाची कारणं मी पुढं आयुष्यभर शोधली. भीती होती हे खरं. इस्माईलभाई समोर होते हेही खरं. नोकरी जाईल, पुण्याला घरी तोंड कसं दाखवू, हे सगळं होतंच. पण त्या क्षणी ह्यातलं काहीच मनात आलं नव्हतं. प्रश्न असा विचारला गेला होता की त्याचं उत्तर नाही असंच होतं, आणि मी ते दिलं, वर्गातली शहाणी मुलगी देते तसं.

शेवंताला कामावरून काढलं. गावातही तिला कुणी विहिरीवर उभं करेना. वैशाखात ती काशीला घेऊन भावाकडं चाकणला निघून गेली. त्याच महिन्यात लोकांनी श्रमदान करून शाळेची विहीर खोल केली. पाणी गोड लागलं. पुढं कितीतरी वर्षं पोरं ते प्यायली. मीही प्यायले.

पाऊस आला आणि गेला. मी शिकवत होते. नव्या पोरांना मुळाक्षरं, जुन्यांना पाढे. सतराचा पाढा आला की मी खडू खाली ठेवून मुलांनाच म्हणायला लावायची. इस्माईलभाईंच्या दुकानावरून मी रोज जायची. ते रोज उठून सलाम करायचे, माझ्या मुलीच्या बाई म्हणून. तो सलाम घेणं मला दिवसेंदिवस जड होत गेलं. अखेर पौषात एका रविवारी मी नाशिक रस्त्याची एसटी पकडली आणि चाकणला उतरले.

शेवंता कांद्याच्या वखारीत निवडायला बसत होती. दहा-बारा बायका रांगेत, समोर कांद्याचे ढीग. हवेत टरफलं उडत होती आणि सगळ्यांचेच डोळे लाल होते. तिनं मला ओळखलं, पण हात थांबवला नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"शेवंता, त्या दिवशी मीच तुला बोलावलं होतं."

"व्हय."

"आणि बैठकीत मी खोटं बोलले."

"तितंच हुते की मी. ऐकलं."

मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, उठून जाईल. मी वाटेत त्या सगळ्याची तयारी करून आले होते. तिनं एक सडका कांदा बाजूला टाकला.

"बाई, मला ठाऊक हाय तेच मला सांगाया एवढ्या लांब आला व्हय? ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा की."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. अंगाला कांद्याचा वास येत होता. कासारवाडीला उतरले ती सरळ दुकानावर गेले. इस्माईलभाई पंक्चर शोधत होते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवलेली, आणि एका जागेवरून बुडबुडे येत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. शेवंता माझ्या दारात आली होती ते, मी तिला काय म्हणाले ते. मग सगळ्यांत शेवटी, झुबेदाला पाणी पाजायला मीच पाठवलं ते.

त्यांनी ट्यूब पाण्यातच धरून ठेवली होती. बुडबुडे येतच होते. मग ते म्हणाले, "बसा बाई."

मी बसले.

"देवी टोचणारे आमच्या दारात आले होते," ते म्हणाले. "काशीला निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. झुबेदानं बाही वर केली होती. मीच म्हणालो, आठ दिवसांनी या. उजव्या हाताला फोड येणार, ताप येणार, आणि पोरीची चौथीची परीक्षा तोंडावर." बुडबुड्यांवर त्यांनी बोट ठेवलं. "पहिला नंबर येणार होता ना तिचा."

"हे कुणाला..."

"कुणाला नाही. तिच्या अम्मीलापण नाही. ती त्या वेळी घरात नव्हती." त्यांनी ट्यूब बाहेर काढली आणि फडक्यानं पुसत राहिले. "बैठकीत सगळे शेवंताला बोलत होते ना, मला बरं वाटत होतं, बाई. मला तेव्हा फार बरं वाटत होतं."

संक्रांतीनंतर आम्ही दोघं हेडमास्तरांकडं गेलो आणि पंचांना बोलवायला सांगितलं. तोच ओटा, तीच माणसं. आधी मी बोलले, मग इस्माईलभाई. मी राजीनामा लिहून नेला होता. पंचांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातले वयस्कर म्हणाले, "झालं ते झालं. इस्माईलभाऊ, तुमचं तर पोरच गेलं, तुमाला कोन काय म्हननार? आन् बाई तरी कुनाचं वाईट करायला गेल्या हुत्या का?" हेडमास्तरांनी माझा कागद घडी घालून मला परत दिला. कुणीतरी चहा मागवला.

दहा मिनिटांत आम्हाला माफी मिळाली. मी त्या चहाच्या पेल्याकडं बघत होते. आम्ही ओट्यावर सतरंजीवर बसलो होतो. पायऱ्यांच्या खाली, जिथं ती उभी होती, तिथं ऊन पडलं होतं. शेवंताला परत कामावर घ्या असं मी म्हटलं तेव्हा मात्र सगळ्यांनी पेले खाली ठेवले. "येऊ दे की," एकजण शेवटी म्हणाला. "पन पान्याला नगं. झाडलोट करू दे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं चाकणला गेलो. शेवंताच्या भावाचं घर बाजारामागं होतं, पुढं कुडाचा पडवीवजा आडोसा. शेवंता दारात आली. इस्माईलभाईंना बघून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. त्यांनी तिला हात जोडले. म्हणाले, "बहन, मी सांगून आलोय सगळ्यांना." ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. "लई गुनाची हुती तुमची पोर," ती म्हणाली. "माज्या काशीला मांडीवर घेऊन बसली हुती."

मी कामाचं सांगितलं. पाण्याला नको म्हणाले आहेत, हेही सांगितलं. आता काही लपवायचं नव्हतं.

"न्हाई बाई. इतं कांदं निवडते तर कांद्यांला काय बाधत न्हाई."

"निदान काशीला पाठव. मी माझ्याजवळ ठेवते. शाळेत घालते."

"तिच्याशेजारी कोन बसंल?"

 बसतील, असं मी म्हणू शकले असते. ते खोटं ठरलं असतं, आणि ते तिलाही कळलं असतं.

तेवढ्यात आडोशामागून काशी बाहेर आली. वर्षभरात उंच झाली होती. चेहरा वणांनी भरलेला, डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा. तिनं मान तिरकी करून चांगल्या डोळ्यानं मला पाहिलं, ओळखलं, आणि दोन्ही पाय जुळवून, हात बाजूला ठेवून ताठ उभी राहिली. बाई वर्गात आल्यावर त्या 'बसा' म्हणेपर्यंत उभं राहतात तशी.

 इस्माईलभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "बस बेटी, बस."

ती बसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.